मोह व ईश्वरतृप्ती, मराठी ख्रिस्ती उपासनेतील

मोहाचा प्रतिकार आणि ईश्वराच्या ठायी लाभणारे समाधान हा ख्रिस्ती उपासनेचा एक मूलभूत विषय आहे. मराठी भाषिक ख्रिस्ती समाजात सतराव्या शतकापासून त्याला स्वतंत्र वळण लाभले. मोहावर उपाय म्हणून ह्या समाजाच्या इतिहासात दोन मार्ग शेजारी शेजारी दिसतात. पहिला निषेधाचा : मोह उत्पन्न करणारी वस्तू, ग्रंथ, गीत वा संगत उपासकापासून दूर करणे. दुसरा तृप्तीचा : मन ज्यासाठी भुकेलेले आहे, ते अधिक सरस रूपात उपासनेतूनच पुरविणे. पहिल्या मार्गामागे अनेकदा सत्तेचे बळ होते. दुसऱ्यामागे बहुधा एखादा कवी, कीर्तनकार किंवा गाणारा समुदाय होता. आज मराठी ख्रिस्ती उपासनेचे म्हणून जे विशेष ओळखले जातात, ते जवळजवळ सर्व दुसऱ्या मार्गाची निर्मिती होत.

ह्या विषयाचे शास्त्राधार मुख्यतः मत्तय (अध्याय ४) व लूक (अध्याय ४) ह्यांच्या शुभवर्तमानांत आहेत. बाप्तिस्म्यानंतर येशू अरण्यात चाळीस दिवस उपवास करतो. सैतान त्याला तीन मोह घालतो : दगडांच्या भाकरी करण्याचा, मंदिराच्या शिखरावरून उडी घेऊन चमत्कार दाखविण्याचा आणि नमन केल्यास जगातील सर्व राज्ये मिळविण्याचा. तिन्ही वेळा येशू ‘अनुवाद’ ह्या जुन्या करारातील ग्रंथाच्या आधारे उत्तर देतो. मत्तयच्या क्रमानुसार राज्यांचा मोह शेवटचा आहे, आणि त्यावरील उत्तरात केवळ परमेश्वराचीच उपासना करण्याची आज्ञा आहे. म्हणजे मोहाच्या कथेचे पर्यवसान मूळ ग्रंथातच उपासनेत झालेले आहे. मूळ ग्रीक ‘पैरास्मोस’ ह्या शब्दात कसोटी आणि भुरळ असे दोन्ही अर्थ सामावतात. मराठीत त्यांसाठी दोन शब्द लागतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रचलित असलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘परीक्षा’ हा शब्द येतो, तर प्रवचनांत व गीतांत ‘मोह’ अधिक वापरला जातो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. परीक्षा ईश्वर घेऊ शकतो, मोह मात्र तो घालीत नाही, अशी ख्रिस्ती धर्मशास्त्राची भूमिका आहे. ह्याच अडचणीमुळे कॅथलिक चर्चने प्रभूच्या प्रार्थनेतील संबंधित ओळीचे फ्रेंच भाषांतर २०१७ मध्ये बदलले. मराठीत ‘मोह’ ह्या शब्दाला आणखी एक छटा आहे. षड्रिपूंतील एक म्हणून तो मराठी मनाला आधीच परिचित होता आणि तेथे त्याचा अर्थ आमिष असा नसून भ्रांती, आपपर विसरायला लावणारी गुंगी, असा आहे.

पाश्चात्य ख्रिस्ती परंपरेनेही मनोविकारांच्या याद्या केल्या. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील साधक एव्हाग्रिअस ह्याने आठ दुष्ट विचार सांगितले. पुढे पोप पहिला ग्रेगरी ह्याने त्यांची मांडणी सात पापांत केली. हिप्पोचा संत ऑगस्टीन ह्याने इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात मात्र निराळा सूर लावला. त्याच्या मते मनुष्याची वासना मुळात ईश्वराचीच ओढ असते, ती वाट चुकलेली असते इतकेच. सोळाव्या शतकात इग्नेशिअस लॉयोला ह्याच्या आध्यात्मिक साधनापद्धतीत मनाला येणारे समाधान आणि उदासी ह्यांची पारख हा केंद्रस्थानचा विषय झाला. त्याने स्थापन केलेल्या येशू संघाचे धर्मगुरू गोव्यात आले, ते ही पद्धती बरोबर घेऊनच.

गोव्यातील पोर्तुगीज राजवटीत निषेधाचा मार्ग सर्वांत कठोर स्वरूपात दिसतो. साष्टी प्रांतातील देवळे सोळाव्या शतकात पाडण्यात आली, १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले आणि नवख्रिस्ती लोकांच्या घरांतून पूर्वीचे धर्मग्रंथ काढून घेण्यात आले. विवाहविधी, गाणी, वस्त्रे ह्यांवर वेळोवेळी बंदीहुकूम निघाले. १६८४ मध्ये तर स्थानिक भाषा बोलण्यावरच निर्बंध घालणारा हुकूम काढण्यात आला आणि धर्मन्यायालयाच्या १७३६ च्या फर्मानाने लग्नातील देशी गाण्यांपर्यंत मजल मारली. पूर्वधर्माकडे परत वळण्याचा मोह नाहीसा करावा, हा ह्या सर्वांमागील उद्देश होता. पावणेदोनशे वर्षे तीच बंदी पुनःपुन्हा जाहीर करावी लागली, ह्यातच तिच्या यशाचे मोजमाप मिळते.

ह्याच भूमीत फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) ह्यांनी दुसरा मार्ग काढला. स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडमधील विल्टशरचे. १५७९ मध्ये ते गोव्यास आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पैलें पुराण व दुसरें पुराण असे त्याचे दोन भाग असून ओव्यांची संख्या सु. अकरा हजार आहे. ग्रंथाच्या आरंभी आलेला प्रसंग ह्या दृष्टीने फार बोलका आहे. धर्मशिक्षण ऐकून झाल्यावर एक ब्राह्मण गृहस्थ पाद्रींपुढे अडचण मांडतो : जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, पण त्यांच्या जागी मन रमविणारे काही हाती आले नाही. हे गाऱ्हाणे स्टीफन्स ह्यांनी पाखंड म्हणून झिडकारले नाही. त्यांनी ते खरी भूक म्हणून मान्य केले आणि त्या भुकेला ओवीबद्ध पुराणाने उत्तर दिले. त्यातील छंद, रचनेची धाटणी आणि शब्दकळा ही मराठी संतवाङ्‌मयाच्या परिचयातून आलेली आहेत. वैकुंठासारखे शब्द ख्रिस्ती आशयासाठी वापरताना त्यांना संकोच वाटलेला दिसत नाही. आदाम-एवेच्या मोहापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा श्रोत्यांच्या कानी प्रथमच त्यांच्या परिचित ठेक्यात पडली.

ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. त्याच वळणावर एत्येन द ला क्र्वा ह्यांचे संत पीटरवरील पुराण १६२९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे भाषेवरच निर्बंध आल्यावर गोव्यात ही परंपरा क्षीण झाली, पण गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितांच्या रूपाने ती जपली. टिपू सुलतानाच्या कैदेत असताना (१७८४–९९) धर्मगुरू नसलेल्या ह्या लोकांना पुराणवाचनाचाच आधार होता, असे परंपरा सांगते. जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे सिद्ध केलेली आवृत्ती अशाच घरगुती हस्तलिखितांवर आधारलेली आहे. शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यास निघाली, तेव्हा सामान्य मराठी वाचकाला हा ग्रंथ त्याच्या लिपीत प्रथम उपलब्ध झाला.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर वेगळी उपासना आली. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले, आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मिशनचे ठाणे झाले. ह्या परंपरेत मूर्ती, मिरवणूक, मेणबत्त्या ह्यांना स्थान नव्हते. वचनाचे वाचन, प्रवचन, प्रार्थना आणि सामुदायिक गायन एवढ्यावरच उपासना उभी होती. साहजिकच गायनावर मोठा भार पडला. आरंभीची गीते इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरे होती. मराठी ऱ्हस्वदीर्घांचा आणि त्या चालींचा मेळ बसत नसे, व उपासक ती निष्ठेने पण रसाशिवाय म्हणत. कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी देशी वृत्तांत व रागांत गीते रचली. १८६० नंतरच्या काळात अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनही सुरू झाले. पूर्वरंग, आख्यान, टाळमृदंग हा सर्व सरंजाम घेऊन बायबलमधील कथा सांगितली जाऊ लागली, आणि मिशनरी प्रवचनाला न येणारा श्रोता रात्री उशिरापर्यंत बसू लागला.

ह्याच काळात भाकरीचा मोह हा विषय ग्रंथातून उठून प्रत्यक्ष अंगणात आला. १८७६–७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा १८९६–९७ व १८९९–१९०० मध्ये अहमदनगर व शेजारच्या जिल्ह्यांतील गावेच्या गावे उपाशी होती. मिशनांनी अन्न, काम व अनाथालये पुरविली, आणि त्यानंतर मोठ्या संख्येने, विशेषतः महार व मांग समाजांतून, बाप्तिस्मे झाले. पोटासाठी धर्म सोडला, हा आरोप तेव्हापासून मराठी ख्रिस्ती माणसाच्या पाठीशी लागला. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही, तसाच तो पुरेसाही नाही. दुष्काळ सरल्यावर, धान्य बंद झाल्यावरही ह्यांतील बहुसंख्य कुटुंबे मंडळीत टिकली. अस्पृश्य म्हणून ज्यांना देवळाच्या पायरीशीही उभे राहता येत नसे, त्यांना येथे इतरांच्या शेजारी बसून गाता येत होते, हे कारण भाकरीहून अधिक काळ पुरणारे ठरले. मिशनच्या वेतनावर असलेल्या शिक्षित प्रचारकांचा प्रश्न मात्र अधिक अवघड होता. ज्याच्या चुलीची सोय धर्माच्या नोकरीवर अवलंबून आहे, त्याची श्रद्धा निखळ आहे हे त्याने इतरांना, किंबहुना स्वतःला तरी, कसे पटवावे?

हा प्रश्न नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्याइतका तीव्रतेने दुसऱ्या कोणाला जाणवला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने नव्या कराराची प्रत दिली. त्यातील पर्वतावरील प्रवचनाने त्यांना पकडले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत राहिले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची भावना होती. हे केवळ आलंकारिक बोलणे नाही, हे त्यांच्या उपासनागीतांवरून सिद्ध होते. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेतून आलेल्या ह्या कवीने ख्रिस्तालाही गुरुमाउली मानले. मोहापुढे दटावणारा न्यायाधीश त्यांच्या गीतांत क्वचितच भेटतो. तेथे चुकलेले लेकरू आणि त्याला जवळ घेणारी आई आहे. विकार टाकून द्यावा लागत नाही. आईचा हात सापडल्यावर तो सुटतो, असा ह्या गीतांचा एकंदर रोख आहे. पापाची भीती हा ज्यांचा मुख्य विषय होता अशा अनेक भाषांतरित गीतांशेजारी ही गीते ठेवली, म्हणजे अंतर स्पष्ट होते.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ ह्या बंधुसमाजाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तीत जागा होती. वेतनाच्या त्यागाकडे मिशनविरोधी बंड म्हणून पाहण्याची प्रथा आहे, परंतु त्याचा धागा भाकरीच्या मोहाशी अधिक जुळतो. टिळकांना मिशनरींच्या हेतूंविषयी शंका नव्हती. ख्रिस्त आणि उदरनिर्वाह ह्यांची गाठ सुटावी, एवढीच त्यांची धडपड होती. त्या त्यागाची झळ घरच्यांना किती लागे, हे लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या स्मृतिचित्रे (१९३४–३७) ह्या आत्मचरित्रामुळे ठाऊक होते. घरात आलेला पैसा दाराबाहेर कसा जाई आणि दुसऱ्या दिवसाची सोय कोणाला लावावी लागे, हे त्यांनी विनोदाने पण नेमके सांगितले आहे. संन्याशाच्या समाधानाचे मूल्यमापन करताना हा साक्षीपुरावा वगळता येत नाही.

टिळकांचा अभंगांजली हा संग्रह १९१९ मध्ये, त्यांच्या निधनाच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ओवीबद्ध ख्रिस्तायन त्यांनी सु. दहा अध्यायांपर्यंत आणले होते. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि १९३८ मध्ये ते प्रकाशित झाले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वापरात असलेल्या उपासनासंगीत ह्या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. रचनाकाराचे नाव ठाऊक नसतानाही खेड्यापाड्यांतील उपासक त्या तोंडपाठ म्हणतात.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांचा अनुभव ह्याहून वेगळा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि ख्रिस्ती धर्म मिळाला तरी स्वतः ख्रिस्त मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली, असे त्यांनी १९०७ मधील आपल्या साक्षीत नमूद केले. विद्वत्तेचा अभिमान आणि मतामतांचा शोध ह्यांतच आपण अडकलो होतो, अशी त्यांची स्वतःविषयीची मीमांसा होती. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०० च्या दुष्काळानंतर सु. दोन हजार स्त्रिया व मुली राहत होत्या. तेथे १९०५ च्या जूनअखेरीस जे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात पापांची कबुली, अश्रू, एकाच वेळी मोठ्याने होणारी सामूहिक प्रार्थना आणि त्यानंतर उसळणारा आनंद, असा क्रम दिसतो. त्या काळी काही समकालीनांना तो निव्वळ भावनोद्रेक वाटला. परंतु दुष्काळातून व वैधव्यातून आलेल्या ह्या मुलींना घरी वा समाजात तोंड उघडण्यास वाव नव्हता, आणि त्यांच्या वाट्याला आलेली ही मोकळीक नुसत्या भावनेच्या मापाने मोजणे अपुरे आहे. पाश्चात्य पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासातही केडगावचा उल्लेख आता आवर्जून केला जातो.

विसाव्या शतकात अँग्लिकन पाळक जॅक विन्स्लो ह्यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला व पुढे त्याचा आश्रम पुण्यास उभा राहिला. साधी राहणी, भजन आणि मौन ह्यांची सांगड तेथे ख्रिस्ती उपासनेशी घालण्यात आली. टिळकांचे इंग्रजी चरित्रही विन्स्लो ह्यांनीच लिहिले. कॅथलिकांच्या बाबतीत निर्णायक बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) घडविला. उपासनाविधीविषयक संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झाले आणि लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा होऊ लागली. शतकानुशतके घरी कादोडी वा वाडवळी बोलणाऱ्या वसईच्या ख्रिस्ती समाजाला वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) ह्यांच्या सुबोध बायबलने (२०१०) ह्या भाषेला प्रासादिक गद्याची जोड दिली.

मोह हा शब्द स्वातंत्र्योत्तर काळात कायद्याच्या परिभाषेतही शिरला. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये नागपूर येथे सादर केलेल्या अहवालात मिशनांवर प्रलोभनाचा ठपका ठेवला, आणि मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या कायद्याने प्रलोभन दाखवून केलेले धर्मांतर गुन्हा ठरविले. दुसऱ्या बाजूला, १९५० च्या अनुसूचित जाती आदेशान्वये ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या वर्गाच्या सवलती मिळत नाहीत. म्हणून एका नावाने उपासनेस जाणे आणि दुसऱ्या नावाने दाखला काढणे, असे द्विधा जीवन मराठवाड्यातील व नगर भागातील काही कुटुंबांच्या वाट्यास आले. पाळकांच्या प्रवचनांत ह्याला मोह म्हटले जाते. ज्या तरतुदीमुळे हा मोह उत्पन्न होतो, तिच्याविषयीही तितक्याच स्पष्टपणे बोलणे न्याय्य ठरेल.

ह्या सर्व प्रवाहांची सरमिसळ नवी मुंबईत पाहावयास मिळते. हा परिसर ख्रिस्ती इतिहासाला अगदीच नवा नाही. उरण-करंजा आणि बेलापूर ही ठिकाणे अठराव्या शतकातील मराठ्यांच्या मोहिमांपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. सध्याचे शहर मात्र १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसविले. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी वाशीपर्यंत रेल्वे पोहोचली. मुंबईतील अपुऱ्या जागेतून, केरळ व तमिळनाडूतून, गोवा-मंगळुरातून आणि अहमदनगर-जालन्याकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबे वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल ह्या भागांत स्थिरावली. येथील लॅटिन विधीचे कॅथलिक मुंबईच्या सरधर्मप्रांतात मोडतात, तर केरळातून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चच्या व इतर प्रॉटेस्टंट मंडळ्याही येथे आहेत.

नियोजित शहरातील मोहांचे स्वरूप दुष्काळी खेड्याहून निराळे आहे. कर्ज काढून घेतलेले घर, नोकरीतील चढाओढ, दिवसाचे तीन-चार तास खाणारा प्रवास आणि शेजाऱ्याशी होणारी तुलना, हे येथील उपासकाचे दैनंदिन विषय होत. उपवासकाळातील पहिल्या रविवारी वाचले जाणारे अरण्यातील तीन मोहांचे प्रकरण ह्याच संदर्भात समजावून दिले जाते. शुक्रवारी क्रूसाची वाट, घरोघरी आळीपाळीने भरणाऱ्या प्रार्थनासभा आणि तेथे वाचन-प्रार्थनेनंतर म्हटली जाणारी भजने, हा ह्या काळातील परिपाठ आहे. ह्याबरोबरच आरोग्य, नोकरी व संपत्ती ह्यांची हमी देणारे नवे उपासनामेळे महानगर परिसरात १९९० नंतर वाढले. तेथील गायन जोशपूर्ण असते आणि एकट्या पडलेल्या स्थलांतरितांना तेथे आपुलकी मिळते, हे खरे आहे. परंतु ईश्वराऐवजी त्याच्या देणग्यांतच समाधान शोधण्यास शिकविणारी ही उपासना दगडांच्या भाकरी करण्याच्या मोहाजवळ जाऊन पोहोचते, अशी टीका जुन्या मंडळ्यांतील अनेक धर्मगुरू व पाळक करतात. मराठी उपासनेला ह्या बहुभाषिक वस्तीत इंग्रजी, मलयाळम्, तमिळ, कोकणी व हिंदी उपासनांबरोबर वेळ वाटून घ्यावी लागते. इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलांना उपासनासंगीतातील शब्द अवघड जातात, आणि प्रार्थनासभेत आजी जे अभंग पाठ म्हणतात, ते नातवंडे बहुधा केवळ चालीवरून ओळखतात.